अ येलिफंट

ॲनसरांना शांत बसलेलं मी एकदाच पाहिलं, आणि तेव्हा त्यांना टायफॉईड झाला होता. बाकी सगळा वेळ ते चिडलेले असत. चिडून शाळेत येत, चिडून हजेरी घेत, चिडून डबा खात. पोळीचा तुकडा मोडतानाही असं वाटायचं, की या पोळीच्या घराण्याशी यांचं जुनं वैर आहे.

नाव त्यांचं अर्थातच दुसरं होतं. ते सांगत नाही, कारण त्यांचे चिरंजीव याच जिल्ह्यात आहेत आणि राग रक्तातून उतरतो असं ऐकून आहे. ‘ॲनसर’ हे पोरांनी ठेवलेलं. ते इंग्रजी शिकवत, पण त्यांचा जीव अख्ख्या इंग्रजीत नव्हता. तो होता दोन एवढ्या-एवढ्याशा शब्दांत, ‘अ’ आणि ‘ॲन’. ॲन शिकवणारे सर म्हणून ॲनसर. शिवाय त्यांना काहीही विचारा, उत्तर फिरून फिरून तिथंच यायचं, म्हणूनही ॲनसर.

मी त्या शाळेत नुकताच चित्रकलेचा मास्तर म्हणून लागलो होतो. शाळा वणीपासून जरा आत, कापसाच्या पट्ट्यातल्या एका गावात. आमचा मुलूख मध्य प्रदेशातून उचलून नुकताच मुंबई राज्यात नेऊन ठेवला होता. कचेऱ्यांचे शिक्के बदलले होते, पाट्या बदलत होत्या, आणि आमचे हेडमास्तरही बदलून आले होते, थेट पुण्याकडून. माझा जीव चित्रांपेक्षा गॅदरिंगच्या नाटकांत जास्त, त्यामुळे ॲनसर मला ‘रंगारी’ म्हणत. तेही चिडूनच.

त्यांच्या बगलेत बारमाही एक छत्री असे. उन्हाळ्यात बंद, पावसाळ्यातही बंद. भर पावसात हा माणूस नखशिखान्त भिजत यायचा, आणि छत्री काळ्या कोटाच्या आत, छातीशी, कोरडी. मी एकदा विचारलं, “सर, उघडत का नाही?”

“हे शैक्षणिक साहित्य हाये,” ते खेकसले. “उद्या शिकवाचं हाये मले. ॲन अंब्रेला.”

आणि शिकवत मात्र असे, की नाटकवाल्यानं खुर्ची ओढून बसावं. मी माझा रिकामा तास त्यांच्या खिडकीखाली काढायचो. “म्हणा, अ अंब्रेला. म्हणा! अ... अं! अडकलं का नाई? दोन गोऱ्हे येकाच दारातून घुसून राह्यले असं वाटते का नाई? मंग मधात कोणीतरी पाह्यजे, भांडण सोडवाले. तो ‘न’! ॲन अंब्रेला. आता कसं, सुरळीत!” व्यंजन असेल तर भांडणच नाही, व्यंजन आपलं दार आपण सांभाळतं, अ बुक, अ कॅट. मला नेहमी वाटे, की या माणसाच्या आधी लावायला देव ‘न’ विसरला. म्हणून हा सगळ्यांच्या थेट अंगावर जातो.

पण खरी मेख पुढं होती. “शब्द लिहिला कसा ते मले नका सांगू!” छत्री टेबलावर आपटायची. “तोंडातून निघते कसा ते सांगा! अवर. पहिलं अक्षर ‘येच’. पण तो ऐकू येते का? नाई! ऐकू येते ‘अ’. म्हणून ॲन अवर. युनिव्हर्सिटी. पहिलं अक्षर यू, तो स्वर. पण तोंडातून काय निघते? ‘य’! म्हणून अ युनिव्हर्सिटी. डोये झाका, कान वापरा. देवानं दोन दिलेत, येक तरी वापरा!”

हा नियम त्यांनी गावालाही लागू केला होता. बाजारात एका सेठजींचं कापडाचं दुकान होतं. त्यांनी हौसेनं इंग्रजी पाटी रंगवून घेतली, ‘अ ऑनेस्ट शॉप’. ऑनेस्टमधला एचसुद्धा मुका. ॲनसर दुसऱ्याच दिवशी कोळसा घेऊन दुकानाच्या ओट्यावर चढले.

“अरे मास्तरजी, ये क्या कर रहे हो? पेंटर को पैसे देके लिखवाया है!”

“येक ‘न’ कम हाये.”

“तो एक ‘न’ से क्या बिगड़ता है?”

“ईमान बिगड़ता है, सेठ! जो माणूस पाटीतच माप मारते, तो कापडात किती मारीन?”

सेठजींनी पाटी पुसून घेतली, ॲनसरांनी परत ‘न’ काढला. दिवाळीपर्यंत हे चाललं. शेवटी सेठजींनी इंग्रजीच खरवडून काढली आणि नागरीत लिहिलं, ‘सच्ची दुकान’. ॲनसरांनी दुकानासमोर येऊन पाटी वाचली. मग म्हणाले, “मैदान सोडून पयाला.”

आता एक गंमत सांगतो. आमच्या भागात ‘ए’ला कोणी एकटं बाहेर पाठवत नाही, सोबतीला ‘य’ देतात. एक नाही, येक. एरंडी नाही, येरंडी. ॲनसर याच मातीतले. त्यामुळे वर्षानुवर्षं त्यांच्या वर्गात ‘ॲन येलिफंट’, ‘ॲन येग’, ‘ॲन येनिमी’ असंच चालत आलं होतं. पोरांची तोंडं तीच, सरांचं तोंड तेच. कोणाला काही खटकत नव्हतं. मला ऐकू यायचं, आणि मी खिडकीखाली पोट धरून हसायचो.

ज्या पोरीला ते खटकलं तिचं नाव शेवंती. मॅट्रिकच्या वर्गात होती. जवळच्या बंजारा तांड्यातली. तिच्या आजोबांच्या पिढीनं बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथा घातलेला. बापानं शेती धरली होती. घरी त्यांची गोर बोली, बाजारात वऱ्हाडी, शाळेत पुस्तकातली मराठी, आणि वर ही इंग्रजी. रोज इतक्या वेळा जीभ बदलणाऱ्या माणसाचा कान फार तयार होतो. तिला तांड्यावरच्या शाळेत मास्तरीण व्हायचं होतं. त्यासाठी ट्रेनिंग, ट्रेनिंगसाठी मॅट्रिक, आणि मॅट्रिकसाठी आधी शाळेचीच परीक्षा. त्या काळी शाळेच्या परीक्षेत जो नापास, त्याला बोर्डाच्या परीक्षेला पाठवतच नसत.

शेवंती इंग्रजीत नापास झाली. थोडक्या मार्कांनी गेली, आणि जे मार्क गेले ते सगळे अ आणि ॲनमध्ये.

पेपर वाटायच्या दिवशी मी खिडकीखाली होतोच.

“शेवंते, ऊठ! हे काय लिहिलं? अ येलिफंट? अ येग? अ येनिमी? सारा पेपर नासवला!”

“बरोबर हाये, सर.”

वर्ग गार पडला. ॲनसरांच्या वर्गात ‘बरोबर’ हा शब्द फक्त ॲनसर वापरत.

“काय म्हणली?”

“बरोबर हाये म्हणलं. तुमीच सांगतलं, कान वापरा. युनिव्हर्सिटीत ‘य’ ऐकू येते, म्हणून अ. मंग येलिफंटात बी ‘य’ हाये.”

“कुठं हाये ‘य’? दाखव मले!”

“तुमच्या तोंडात, सर. आत्ताच तुमी म्हणले, येलिफंट. तुमी त्याले ॲन लावता. तुमच्याच कायद्यानं ते तुमचं चुकते.”

मी उठून उभा राहिलो. नाटकात असा क्षण आला की पडदा पाडतात. इथं पडदा नव्हता. ॲनसर लाल झाले, मग जांभळे झाले, मग त्यांची छत्री दाराकडे रोखली गेली.

“निघ! माह्या वर्गातून निघ! येक शब्द बोलू नको!”

“येक,” मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणालं. शेवंतीनं पुस्तकं गोळा केली आणि गेली. रडली नाही. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्याही दिवशी आली नाही.

शिक्षकांच्या खोलीत हेडमास्तर चहा पीत हसले. “जाऊ द्या हो. एक कच्चं पोर कमी झालं, तेवढाच निकाल वर. अहो, या लोकांची जीभच जाड. तुमच्या या भागात साधा ‘ए’ म्हणता येतो का कोणाला? इंग्रजी कशाला, आधी मराठी तरी बोलू द्या.”

मी हसरा माणूस आहे. लोक मला बोलावतात ते हसवायला. पण ते वाक्य आठवलं की आजही कानशिलं तापतात. त्यांच्या गावात जी जीभ वळते ती शुद्ध, आमच्या गावात वळते ती जाड! माझ्या आईनं मला ‘येक, दोन, तीन’ म्हणत चालायला शिकवलं. ते पाऊल काय वाकडं पडलं होतं? त्या दिवशी माझ्या हातातला ब्रश मोडला. रंग हेडमास्तरांच्या धोतरावर उडाला. ते मात्र मी ठरवून केलं.

आणि तितकाच राग ॲनसरांचाही आला. हेडमास्तर बाहेरचा, याला काय झालं होतं? मी तडक त्यांच्यापाशी गेलो. “तिचं काय चुकलं, सांगा.”

“रंगारी, चूप.”

“चुकलं काय ते सांगा!”

“चूप म्हणलं ना!”

पण त्यानंतर ते कोणावर ओरडले नाहीत. वर्गात एका पोरानं ‘ॲन कॅट’ म्हटलं, तरी नुसते बघत राहिले. पोरं घाबरली.

मग एका दुपारी ते माझ्या चित्रकलेच्या खोलीत आले, दार लावून घेतलं, आणि दात चावत म्हणाले, “तुमी नाटकातल्या पोराइचे उच्चार घासता ना? माहे घासा. कोणाले सांगसान त छत्री हाये.”

मी नाटकाचा आरसा काढला. त्यांना पुढं बसवलं. “जबडा आधी उघडा, आणि मग नुसता आवाज सोडा. ए.”

“ये.”

“जीभ वर नको. खालच्या दातांना टेकवून ठेवा. ए.”

“ये.”

“अहो, कोणाला बोलावताय? फक्त ए!”

“ये!” ते गरजले. दार ढकलून दोन पोरं आत आली. “बोलावलं का सर?”

त्या पोरांनी नंतर आयुष्यात कधी कोणाच्या हाकेला ओ दिली असेल असं मला वाटत नाही. त्यांना हाकलून ॲनसर परत आरशासमोर बसले. तास गेला. घाम गळत होता. ‘ए’ काही एकटा निघेना. प्रत्येक वेळी ‘य’ त्याचं बोट धरून पुढं. शेवटी त्यांनी आरसा पालथा घातला.

“निघत नाई.”

“नाही.”

“म्हणजे पोरगी बरोबर हाये. माह्या तोंडातून ‘य’ निघते, त माह्यासाठी अ. नियम नियम हाये.”

“हो.”

“आन् आपण तिले हाकललं.”

“आपण नाही. तुम्ही.”

“तेच म्हणून राह्यलो ना मी!” ते इतक्या मोठ्यानं ओरडले, की मला बरं वाटलं. माणूस परत आला होता. छत्री उचलून ते निघाले, आणि मी मागोमाग. असा प्रवेश कोण चुकवतो?

तांडा तसा जवळ, पण रस्ता सगळा काळ्या मातीतून, कापसाच्या वावरातून. कापूस वेचायचे दिवस होते. शेवंतीचा बाप घरासमोर कापसाचा ढीग सारखा करत होता, आणि आई, तिला ती ‘याडी’ म्हणते, आरशांचा घागरा सावरत पाणी घेऊन आली. बापानं हात जोडले. “राम राम, मास्तर. पोरीनं काई चुकी केली का अजून?”

“केली! बरोबर होती आन् निघून आली! बरोबर माणूस वर्गातून निघते का कधी?”

शेवंती वावरातून आली. ओटीत कापूस भरलेला. “तुमीच म्हणले, निघ.”

“मी म्हणलं म्हणून? मी काय देव हाव? मी चुकलो त तोंडावर सांगाचं!”

“सांगतलं होतं, सर.”

“मंग तिथंच बसाचं ना! कायले उठली?”

बापानं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. “मास्तर, तुमी भांडून राह्यले का माफी मांगून राह्यले?”

“दोन्ही!”

याडीनं पदर तोंडाला लावला. शेवंती मात्र हसली नाही. “मंग माहे मार्क देता?”

“नाई देत.”

“काहून?”

“बोललेलं तुहं बरोबर, लिहिलेलं चूक. तिकडं पेपर तपासणाऱ्याले तुहं तोंड दिसत नाई, कागद दिसते. कागदावरच्या येलि... येलि...” ते अडले, आणि त्या हत्तीवरही चिडले. “कागदावरच्या त्या जनावरात ‘य’ नाई! खोटे मार्क घेऊन गेली त तिथं पडशीन.”

“मंग मले कायले बोलावता?”

“दुसरी परीक्षा घेतो. हेडमास्तरच्या समोर. हा रंगारी तुही जीभ घासून देते. माही त म्हातारी झाली, तुही वळन.”

बाप म्हणाला, “कापूस येचाले हात कमी हायेत, मास्तर.” पण ते म्हणताना त्यानं तिच्या ओटीतला कापूस आपल्या हातानं ढिगावर ओतला. शेवंतीनं पदर झटकला आणि विचारलं, “कधी येऊ?”

तिला मी काय शिकवणार? आरशासमोर बसली, दोनदा ‘ये’ म्हणाली, तिसऱ्यांदा स्वच्छ ‘ए’. “हे सोपं हाये सर,” मला म्हणाली. “घरी येगळं, बजारात येगळं, तसं इंग्रजीसाठी येगळं. माहं ते सोडाचं नाई ना?” नाही, म्हटलं, तुझं ते अजिबात सोडायचं नाही.

हेडमास्तर परीक्षेला तयार होईनात. “नियम आहे, नापास तो नापास.” ॲनसर त्यांच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसले, मांडीवर छत्री आडवी. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला मोठ्यानं सांगत, “हेडमास्तर पोरीले भेऊन राह्यले.” दुपारपर्यंत हेडमास्तर तयार झाले. पण माणूस वस्ताद. म्हणाले, “ठीक. शब्द तुम्ही सांगायचे, तिनं अ किंवा ॲन लावून म्हणायचं. माझ्यासमोर. एक चुकलं की संपलं.”

शब्द ॲनसरांनीच का, ते मला लगेच कळलं. ॲनसरांच्या तोंडून ‘य’ निघणार, आणि कानानं चालणारी पोरगी पडणार. खोलीत आम्ही चौघंच होतो. शेवंती भिंतीशी उभी, हाताची बोटं एकमेकांत घट्ट. ॲनसरांनी घसा साफ केला. जबडा उघडला, जीभ खाली टेकवली. मला दिसत होतं, माझा विद्यार्थी काय धडपड करतोय ते.

“येग.”

हेडमास्तर गालात हसले. सरांच्या तोंडातला शब्द शेवंतीनं ऐकला, आणि बाजूला ठेवला.

“ॲन एग.”

“अवर.”

“ॲन अवर.”

“युनिव्हर्सिटी.”

“अ युनिव्हर्सिटी.”

“येनिमी.”

“ॲन एनिमी.”

“येलिफंट.”

“ॲन एलिफंट.”

हेडमास्तरांनी चष्मा काढला. हरलेला माणूस शेवटचा दगड ज्याच्यावर पडेल त्याच्यावर मारतो. “वा! पोरगी तुमच्यापेक्षा शुद्ध बोलते की हो! आता मास्तर, तुम्ही म्हणून दाखवा पाहू. अ, का ॲन?”

ॲनसर ‘ॲन’ म्हणून मोकळे होऊ शकत होते. आयुष्यभर म्हणतच आले होते. त्यांनी शेवंतीकडे पाहिलं. मग टेबलावर दोन्ही हात टेकून, हेडमास्तरांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ते म्हणाले,

“अ येलिफंट.”

“काय?”

“अ येलिफंट! अ येग! अ येनिमी! माह्या तोंडात ‘य’ हाये, म्हणून अ. हे मले या पोरीनं शिकवलं. तुमाले जीभ जाड दिसते, मले तिच्यात नियम दिसते. पोरगी पास हाये. करा सही!”

हेडमास्तरांनी सही केली. रागानं का भीतीनं, ते विचारायला मी थांबलो नाही.

शेवंती मॅट्रिक झाली. इंग्रजीत काठावर, पण झाली. हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. कारण मला शेवटी सांगायचंय ते यवतमाळला परीक्षेसाठी निघालेल्या मोटारीचं.

सकाळी अड्ड्यावर बाप होता, याडी होती, तांड्यातली बरीच माणसं होती, आणि ॲनसर होते, अर्थातच चिडलेले. पेन एकच का घेतला, टोपण सैल का, खिडकीशी का बसली, धूळ खाशीन. मोटार सुरू झाली तशी शेवंतीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“सर, येक विचारू? राग म्हणजे अँगर ना? त्याले अ लागते का ॲन?”

ॲनसरांनी तोंड उघडलं. अड्डा थांबला. मला वाटलं, आता अडकले.

“काहीच नाई!” ते गरजले. “राग मोजता येत नाई, पोरी! मोजता येत नाई त्याले अ बी नाई, ॲन बी नाई!”

ती मान डोलावून हसली. मोटार हलली. ॲनसर माझ्याकडे वळले, आणि भांडण उकरून काढावं तसे ओरडले, “पाह्यलं, रंगारी? हे अजून शिकवलंच नाई मी वर्गात! हे तिनं आपल्या मनानं विचारलं! असं पोरगं सापडते का कुठं? सांगा, सापडते का?”

ते इतक्या जोरात निघालं, की ड्रायव्हरनं दचकून मोटार थांबवली. शेवंतीनं परत डोकं काढलं. “माहं काई राह्यलं का, सर?”

“काही नाई राह्यलं!” ॲनसर म्हणाले. “जा!”